वामनरावांची टेकडी आणि विजयमालाबाईंचे रोडगे

हिवरगव्हाणला जायचं असेल तर आदल्या दिवशी उपास करावा, असं माझं अनुभवी मत आहे. दारव्ह्याहून आर्णीकडे जाताना मध्येच एक फाटा फुटतो. फाट्यावर एक पानटपरी आणि एक वाकलेला बोर्ड आहे, आणि तिथून आत गेलं की हे गाव लागतं. गावात वामनराव गावंडे राहतात. ते माझ्या बायकोचे मामा. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो ते सकाळी नमस्कार करून दुपारच्या एसटीने यवतमाळला परतायच्या बेताने. परतलो तेव्हा आमच्या घरी, शोध घ्यायला माणूस पाठवावा की काय, यावर बोलणी चालू होती. मधल्या काळात तुम्ही काय केलंत, असं कोणी विचारलं तर मला एवढंच आठवतं, की मी जेवत होतो.

गाव काही श्रीमंत नाही. कापूस, सोयाबीन, तूर, चार म्हशी आणि बऱ्याच शेळ्या, एवढाच कारभार. पण तिथली रीत अशी, की दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय गेला तर त्या घरच्या चुलीला कमीपणा येतो. पाहुण्याला भूक आहे की नाही, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. वामनरावांच्या पत्नी विजयमालाबाई या रीतीच्या गावातल्या सर्वोच्च अधिकारी. त्यांच्या वाढण्याविरुद्ध अपील नाही. ताटावर आडवा हात धरला तर त्या हातावर वाढतात.

खुद्द वामनराव मात्र पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काडीसारखे बारीक. मी एकदा धीर करून विचारलं, "मामा, या घरात राहून तुम्ही असे कसे राहिलात?"

"जावईबापू," ते म्हणाले, "पाहुण्याईले वाढता वाढता तिचा दिवस जाते. माह्यावर पाळीच येत नाही."

अशा माणसाच्या वाट्याला सरकारी टेकडी आली, ही त्याची कहाणी आहे.

टेकडी गावाच्या मागेच. गायरानाची, उघडी, नुसता मुरूम आणि गोटे. गावात तिला बोडखी म्हणत. पावसाचं पाणी तिच्यावरून जे धावत सुटायचं ते नाल्यातून थेट दुसऱ्या तालुक्यात जाऊनच दम खायचं, आणि होळी झाली की गावच्या विहिरीत बादली टाकली तर आधी खडखडाट ऐकू यायचा. मग हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी म्हणून सरकारी निधी आला. हवामान बदललंय हे हिवरगव्हाणात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. सोयाबीन कापून ढीग लावला की पाऊस येतो आणि पेरून वाट पाहिली की येत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. नवल एवढंच वाटलं, की सरकारलाही ते कळलं.

ग्रामसभेत समिती नेमायची होती. वामनराव त्या वेळी सभेतल्या पाहुण्यांना चहा पोचतोय की नाही ते पाहायला बाहेर गेले होते. आत आले तर अध्यक्ष झाले होते.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "सरकार हवामान दुरुस्त करून राह्यलं म्हणते. आपल्याकडं फक्त टेकडी देल्ली आहे."

"अन् तुमच्याकडून दारचा नळ दुरुस्त होऊन नाही राह्यला," विजयमालाबाई म्हणाल्या.

पण वामनरावांनी टेकडी मनावर घेतली. निधी टप्प्याटप्प्यानं येणार होता. पहिल्या टप्प्यात उतारावर आडवे चर खणले. दुसऱ्यात झाडं लावली: बेहडा, आवळा, कडुनिंब, मोह, बांबू. प्रत्येक रोपाशी एक मडकं पुरलं, मडक्याला तळाशी भोक आणि भोकात चिंधीची वात, म्हणजे पाणी थेंबाथेंबानं मुळाशी जावं. तिसरा टप्पा पाण्याच्या टँकरचा आणि राखणदाराचा. तो मिळायला उशीर लागला म्हणून मागचा उन्हाळा गावानं खांद्यावर काढला. बायांनी हंडे वाहिले, गड्यांनी बैलगाडीवर ड्रम वाहिले. या वर्षी मात्र विहिरीनं पौषातच हात वर केले; घरोघरी वाचवलेलं सांडपाणी तेवढं मडक्यांत पडत होतं. टँकर आला तर झाडं जगणार, नाही आला तर मृगापर्यंत टेकडी पुन्हा बोडखी, हे उघड होतं. आणि टँकरसाठी अट एकच होती: अधिकाऱ्यानं येऊन झाडं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. मार्च संपायच्या आत. नाही तर निधी परत.

अट सोपी वाटते. झाडं होती, डोळे असलेले अधिकारीही होते. पण मधे विजयमालाबाईंचं घर होतं.

पहिले साहेब दिवाळीनंतर आले. जीप चालवणारा गुलाबसिंग. हा दिग्रसकडच्या तांड्यावरचा, योजनेच्या कार्यालयात त्याची गाडी भाड्यानं लागलेली. त्यानं साहेबांना बरोबर जेवणवेळेला दारात उतरवलं. विजयमालाबाईंनी अंगणात गोवऱ्या रचून रोडगे भाजायला घातले होते. कणकेचे ते घडीचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात फुगले, फोडले, त्यांच्या पोटात तूप गेलं आणि शेजारी वांग्याची झणझणीत भाजी आली. साहेब म्हणाले, अर्धाच द्या. तीन खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, टेकडी कुठे आहे. वामनरावांनी बोट दाखवलं. साहेबांनी बाजेवरूनच बोटाच्या दिशेनं पाहिलं आणि डोळे मिटले. उठले तेव्हा गाई घरी येत होत्या.

टेकडीवर श्रावण आत्राम झेंडूचा हार घेऊन दिवसभर उभा होता. श्रावण हा टेकडीचा राखणदार, पगार सुरू व्हायच्या आधीच कामाला लागलेला. संध्याकाळी त्यानं तो हार बेहड्याला घातला आणि घरी गेला.

दुसऱ्या साहेबांसाठी पाटोडीचा रस्सा होता. त्यांनी तो फार मनापासून खाल्ला आणि फार घाईनं दारव्ह्याच्या डॉक्टरकडे गेले. श्रावणाचा दुसरा हार आवळ्याला मिळाला.

तिसऱ्या साहेबांचा त्या दिवशी उपास होता. फोनवर हे कळल्यावर वामनरावांना इतका आनंद झाला, की त्यांनी मारुतीला नारळ फोडला. घरी आले तर विजयमालाबाई शेंगदाणे भाजत होत्या. साबुदाण्याची उसळ, भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा शिरा, रताळ्याचे काप आणि वर केळ्याची कोशिंबीर. उपास ज्यानं कुणी सुरू केला त्याच्या हे डोळ्यासमोर नसावं. साहेब जेवून उठले ते जीपच्या मागच्या सीटवर आडवे झाले आणि तसेच यवतमाळला पोचले. श्रावणाचा तिसरा हार मोहाला गेला.

"तू जेवायले घालू नको न त्याईले," वामनराव एकदा बायकोला म्हणाले.

"मंग काय उपाशी पाठवू? वामनराव गावंड्याच्या घरून माणूस भुकेला गेला म्हणतीन लोकं."

"आधी टेकडी दाखवू, मंग जेवू घालू."

"इतक्या दुरून आलेला माणूस उन्हात डोंगर चढन अन् मंग खाईन? बैल आहे का तो?"

खरं सांगायचं तर त्यांनाही पाहुण्याला उपाशी डोंगर चढवणं पटत नव्हतं. तेही याच गावचे.

तिघांनीही अहवाल पाठवले. पहिल्यात होतं, 'ग्रामस्थांचे सहकार्य उत्तम.' दुसऱ्यात, 'ग्रामस्थ अगत्यशील आहेत.' तिसऱ्यात, 'उपवासाच्या फराळाचीदेखील व्यवस्था होती.' झाड हा शब्द एकातही नव्हता. कार्यालयात कुणा जाणत्या माणसानं तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि निष्कर्ष काढला, की जिथे जेवण इतकं आहे तिथे झाडं नसणार. त्यात त्याचा दोष नाही. अशी जेवणं काही ठिकाणी कशासाठी घालतात हे त्याला ठाऊक होतं. हिवरगव्हाणात ती उगाच घालतात, हे त्याला कोण सांगणार?

मग त्यांनी प्राची मॅडमना पाठवलं.

प्राची मॅडम यवतमाळच्याच, वडील कोर्टात नोकरीला होते. वय तिशीच्या आत, पायात जाड बूट, पाठीवर पिशवी, पिशवीत स्वतःचा डबा आणि स्वतःची पाण्याची बाटली. राळेगावकडच्या कुठल्याशा गावात त्यांना जिलेबी खाऊ घालून नंतर जी झाडं दाखवली होती त्यांच्या मुळांना नर्सरीच्या काळ्या पिशव्या तशाच होत्या. तेव्हापासून त्या पाहणीला गेल्या की कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. ही त्यांची ख्याती वामनरावांच्या कानावर आली आणि त्यांना वाटलं, देव पावला. हीच बाई टेकडीवर पोचणार.

तरी त्यांनी खबरदारी घेतली. मॅडम बुधवारी येणार होत्या. घरी त्यांनी सांगितलं, शुक्रवारी. बुधवारी सकाळी म्हणाले, फवारणीच्या पंपाचं नोझल आणायला दारव्ह्याला जातो. आणि जाऊन बसले फाट्यावर, पानटपरीच्या मागे.

गुलाबसिंगनं मात्र आदल्या दिवशीच विजयमालाबाईंना फोन लावला होता. त्यांना तो याडी म्हणतो, त्याच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. "याडी, उद्या येऊन राह्यलो. घरी वांगे हायेत ना?" वांगी होती. विजयमालाबाईंनी नवऱ्याला यातलं काहीच सांगितलं नाही. नोझल आणायला निघालेल्या नवऱ्याला त्यांनी पिशवी दिली आणि "सांभाळून जा" म्हणाल्या.

फाट्यावर जीप आली तशी वामनराव टपरीमागून असे निघाले, की मॅडमनी बॅग छातीशी धरली.

"नमस्कार मॅडम. मी समितीचा अध्यक्ष. आपण गावात नको जाऊ. इथून बैलगाडीच्या वाटेनं सरळ टेकडीवर निघू."

"गावात का नको?"

"तसंच. गावात पाहण्यासारखं काही नाही."

"काही अडचण आहे का गावात?"

वामनरावांना खोटं बोलायची सवय नाही. सकाळी एक बोलून झालं होतं, दुसरं जमेना. "अडचण म्हणजे," ते म्हणाले, "घरी बायको आहे."

मॅडमनी फोनमध्ये काहीतरी टिपून घेतलं. मग गुलाबसिंगला म्हणाल्या, "गाडी गावातून घ्या."

गुलाबसिंगनं गिअर आधीच टाकून ठेवला होता.

गावात शिरल्यावर दर दाराशी कुणी ना कुणी उभं. चहा घ्या, ताक घ्या, निदान बसा. मॅडम सगळ्यांना हात जोडत, मान हलवत गेल्या. गाडीच्या मागच्या सीटवर वामनराव होता होईल तेवढे लहान होऊन बसले होते. त्यांच्या घरासमोर गुलाबसिंगनं गाडी थांबवली, म्हणाला इंजिन गरम झालं. अंगणात गोवऱ्यांचा धूर होता. ओट्यावर विजयमालाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या.

आधी त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "दारव्ह्याहून लवकर आले."

वामनराव म्हणाले, "नोझल भेटलं नाही."

"ये पोरी," विजयमालाबाई मॅडमना म्हणाल्या, "पाय धू. पाणी घे."

"नको काकू. मी कामावर असताना कुणाकडे काही घेत नाही. पाणी आहे माझ्याकडे."

"पाणीही नाही?"

"पाणीही नाही. नियम आहे."

"कोणाचा? सरकारचा?"

"माझा."

शेजारची अंजू दळण पाखडत होती, तिचं सूप हातातच राहिलं. या ओट्यावरून आजवर पाणी न घेता कुणी गेलं नव्हतं. वीजबिलाची नोटीस द्यायला आलेला माणूसही दोन लाडू खाऊन गेला होता.

विजयमालाबाईंनी तांब्या ओट्यावर ठेवला. "बरं," त्या म्हणाल्या. "जाय मंग टेकडीवर." आणि आत निघून गेल्या.

वामनराव मला नंतर म्हणाले, "जावईबापू, लग्न झाल्यापासून तिच्या तोंडून इतक्या लौकर 'बरं' कधी ऐकलं नव्हतं."

टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावली. श्रावण वर उभा होता. झेंडू एव्हाना संपला होता, म्हणून त्यानं पळसाच्या फुलांचा हार केला होता. खरोखरची बाई खरोखरच्या बुटांनी चढून येते आहे हे पाहून तो इतका गांगरला, की हार मॅडमना द्यायच्या ऐवजी त्यानं वामनरावांच्या गळ्यात घातला. मॅडमनी तेही टिपून घेतलं असावं.

आणि इथे वामनरावांचं भान सुटलं. इतक्या दिवसांनी टेकडी पाहायला माणूस मिळाला होता. घरी आलेल्या पाहुण्याला ते आपल्या घरातली माणसं जशी भेटवतात तशी ते झाडं भेटवू लागले.

"हा बेहडा. पयल्यापासून हुशार. सांगावं लागलं नाही काही याले. हा आवळा, याले मागच्या उन्हाळ्यात कपिलच्या मायनं आंघोळीचं पाणी वाचवून घातलं. कपिल म्हणजे आमचा पोरगा, पुण्याले असते. हे बांबूचं बेट, हे थोडं भांडखोर आहे, बाजूच्याले जागा देत नाही. अन् हा कडुनिंब, याच्याकडं पण पाहा मॅडम, नाही त वाटन त्याले."

मॅडमनी कडुनिंबाकडेही पाहिलं. खाली बसल्या, एका रोपाची माती बोटानं उकरली, बुंधा धरून हलकेच हलवून पाहिला. समोरचा उतार खरोखर हिरवागार होता. रोपं ओळीत, आळी सारवल्यासारखी गुळगुळीत. सकाळीच श्रावणानं टेकडी झाडूनही घेतली होती.

"फार छान आहे," मॅडम म्हणाल्या. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून काही बोलतात, त्या आवाजात. "ही मागच्या आठवड्यात आणून लावली नाहीत कशावरून?"

"मॅडम, यायले मी दोन पावसाळ्यांपासून ओळखतो."

"तो पुरावा होत नाही, काका. फोटो कुणीही काढतं. पिशवी कुणीही काढतं. सगळीच्या सगळी जगलेली झाडं मी याआधीही पाहिली आहेत." त्यांनी फोनवरच्या नकाशात बोट फिरवलं. "पश्चिमेच्या उतारावरही लागवड दाखवली आहे. तिकडे जाऊ."

वामनराव वाटेत आडवे आले. "तिकडं कायले, मॅडम? तिकडं ऊन लागते."

"इकडेही लागतंय."

"तिकडच्याईची तब्येत बरोबर नाही. तुम्ही पुन्हा आल्या की दाखवतो."

मॅडम तोवर चालू लागल्या होत्या. वामनराव मागून धावत, "मॅडम, तिकडं नको, मॅडम, तिकडं काटे आहेत" करत. एखादा माणूस पकडला जाताना अगदी असाच दिसतो, असं श्रावण मला म्हणाला. त्यालाही वाटलं, आता गेला टँकर.

पश्चिमेच्या उताराची गोष्ट अशी, की तिकडे दसऱ्याच्या सुमारास रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप शिरला होता. म्हशीएवढाली ती रानगुरं एका रात्रीत अर्धा उतार चरून गेली. वामनराव दुसऱ्या दिवशी जेवले नव्हते, म्हणजे विजयमालाबाईंनीही त्यांना वाढायची हिंमत केली नव्हती. काट्यांचं कुंपण मोडलं होतं ते नंतर जुन्या लुगड्यांच्या चिंध्या बांधून पुन्हा उभं केलं होतं. आळ्या-आळ्यांतून वाळक्या काड्या उभ्या होत्या. काही काड्यांना पार बुडाशी, मातीला लागून, दोन-चार कोवळी पानं फुटली होती, काहींना तीही नव्हती. पण प्रत्येक काडीशी मडकं होतं. फुटलेल्या मडक्यांना डांबर लावून सांधलं होतं. आणि सगळ्या मडक्यांच्या तळाशी ओल होती.

मॅडम एका आळ्याशी बसल्या. नखानं साल खरवडली. दुसऱ्या आळ्याशी गेल्या. तिसऱ्याशी. पाहुण्यानं चुकून अडगळीची खोली उघडावी आणि घरधन्यानं दारात उभं राहावं, तसे वामनराव पळसाच्या हारासकट उभे होते.

"हे मला आधी का नाही दाखवलंत?"

"पाहुण्याले कोणी खरकटी भांडी दाखवते का, मॅडम?"

यावर प्राची मॅडम हसल्या. आधी नुसत्या ओठांनी, मग आवाज करून, मग मुरमातच मांडी घालून. श्रावणही हसला, का ते न कळता. वामनराव तेवढे हसले नाहीत. त्यांना वाटलं, बाईला ऊन लागलं.

"काका," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "मी आजवर जेवढी खोटी कामं पाहिली ना, त्यात एकही झाड मेलेलं नव्हतं. खोटं झाड मरत नाही. आणि मेलेल्या काडीशेजारी मडकं सांधून कुणी पाणी भरत नाही. कुणाला दाखवायचं असतं तर कशाला भरलं असतं?"

"काही काही उठतीन," वामनराव खाली पाहत म्हणाले. "म्हणून भरून राह्यलो."

टेकडीवर फोनला रेंज एकाच जागी मिळते, माथ्यावरच्या मोठ्या धोंड्यावर. मॅडम धोंड्यावर चढल्या आणि अहवाल भरू लागल्या. ऊन डोक्यावर आलं होतं. अर्ध्यात त्यांनी गुलाबसिंगला हाक मारून गाडीत राहिलेल्या पिशवीतला डबा आणायला सांगितलं. गुलाबसिंग खालून ओरडून म्हणाला, "डबा माकडायनं नेला मॅडम. काच उघडी राह्यली." गाडीची काच गुलाबसिंग कधी उघडी ठेवत नाही, त्या दिवशीच कशी राहिली, हे मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, माकडायचं बी पोट आहे."

आणि त्याच वेळी पायवाटेनं डोक्यावर टोपली घेतलेल्या विजयमालाबाई वर येताना दिसल्या. मागे भाजीचं पातेलं घेऊन गुलाबसिंग, चेहरा समईसारखा उजळलेला. वामनरावांनी डोळे मिटून घेतले.

विजयमालाबाईंनी टोपली धोंड्याच्या सावलीत ठेवली, कंबरेवर हात ठेवून दम घेतला आणि वर पाहिलं.

"तुहं भरणं झालं का?"

"झालं, काकू. आत्ताच पाठवलं."

"गेलं? आता माघारी येत नाही ना ते? खोडता येत नाही?"

"नाही."

"मंग आता तू साहेब नाही. पोरगी आहे. उतर खाली, हात धू."

मॅडमनी फोनकडे पाहिलं. अहवाल पोचल्याची हिरवी खूण आली होती. नियम कामावर असतानाचा होता, आणि काम संपलं होतं. त्यांनी बराच विचार केला असं विजयमालाबाई सांगतात. अजिबात केला नाही असं गुलाबसिंग सांगतो. एवढं खरं, की त्या उतरल्या, हात धुतले आणि तांब्याभर पाणी एका दमात प्याल्या. विजयमालाबाईंनी रोडगा फोडला, त्यात तूप ओतलं. मॅडम म्हणाल्या, अर्धाच द्या. विजयमालाबाईंनी गेल्या दिवाळीपासून हे वाक्य दुसऱ्यांदा ऐकलं होतं. त्यांनी अख्खा वाढला.

तासाभरानं टेकडीच्या माथ्यावर एक मॅडम आणि एक ड्रायव्हर धोंड्याच्या सावलीत गाढ झोपले होते, आणि श्रावण त्यांच्यावरची माशी वारत बसला होता. वामनरावांनी गळ्यातला हार काढून हळूच पश्चिमेच्या उतारावर नेला आणि एका वाळक्या काडीला घातला.

तिसरा टप्पा मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा मी हिवरगव्हाणातच होतो, म्हणजे जेवत होतो. वामनरावांनी कार्यालयातून अहवालाची प्रत मागवली होती. चष्मा असूनही त्यांनी ती मला मोठ्यानं वाचायला लावली. अहवाल एवढाच होता: 'झाडे आहेत. पश्चिम उतारावर रोह्यांमुळे नुकसान. काही रोपांना फूट आली आहे. निगा चांगली आहे. पाणी तातडीने द्यावे.'

"पुन्हा वाचा," वामनराव म्हणाले.

"झाडे आहेत," मी वाचलं.

"तेवढंच पुन्हा एकदा."

मी पुन्हा वाचलं. ते खिडकीतून टेकडीकडे पाहत राहिले. सरकारनं सांगितल्यावरच त्यांना खात्री पटावी, असं काहीसं दिसत होतं.

विजयमालाबाई आतून भाजीचं पातेलं घेऊन आल्या होत्या. "रोडग्याचं काही लिवलं नाही?"

"नाही मामी."

"पाण्याचं?"

"झाडांच्या पाण्याचं लिहिलंय."

त्यांनी माझ्या ताटात भाजी वाढली, मी हात आडवा धरला होता त्यावर. "पयले तिघं चांगले होते बिचारे. नाव काढत होते. पोरगी गुणाची आहे, पण लिवता येत नाही तिले."

पहिला टँकर होळीच्या आधीच येणार असं ठरलं. टँकरचा ड्रायव्हर आर्णीचा, धम्मरत्न नावाचा, चांगला उंचापुरा आणि खाऊन-पिऊन असलेला. वामनरावांनी त्याला फोनवर आवाज ऐकताच ओळखलं, की हा माणूस एकदा बाजेवर बसला तर मडकी संध्याकाळपर्यंत कोरडी राहतील. म्हणून त्या दिवशी ते पुन्हा फाट्यावर जाऊन उभे राहिले, टँकरच्या पायरीवर चढले आणि नाल्याकाठच्या बैलगाडीच्या वाटेनं, गाव चुकवून, धूळ उडवत, त्यांनी त्याला थेट टेकडीच्या पायथ्याशी नेलं.

तिथे श्रावण पाइप हातात घेऊन तयार होता. त्याच्या शेजारी गोवऱ्या रचलेल्या होत्या, त्यांतून धूर निघत होता, आणि विजयमालाबाई वांगी चिरत होत्या.

"आधी पाणी सोड बाबा," त्या धम्मरत्नला म्हणाल्या. "रोडगे व्हायले वेळ आहे."